नारळ उभा राहिला म्हणून बोअर घ्यायचा का?

कोरडवाहू: जमिनीतलं पाणी शोधून देणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावरचा आडवा नारळ उभा राहिला की आपण तिथेच बोअरची गाडी लावतो. पाणी लागलं तर पाणाड्या खरा, नाही लागलं तर आपलं नशीब खोटं. म्हणजे तो चुकायची सोयच नाही! मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी काळ्या मातीखाली मुरूम आणि मग भेगाळलेला बेसाल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा खडक. पावसाळ्यानंतर या थरात थोडंफार पाणी असतंच, कार्तिकात ते बऱ्याच जागी लागतं. मग श्रेय नारळाला का?

मोसंबीवाला, जालना: शेतकरी भोळा आहे असा सूर नको, भाऊ. बाग वाळायला लागली की कुणीतरी छातीठोकपणे जागा दाखवावी लागते. आणि रेझिस्टिव्हिटी सर्व्हेचे पॉइंटही कोरडे जातातच की.

भूजलवाला: जातात, पण का जातात ते तपासता येतं. या सर्व्हेत चार सळया रोवून जमिनीत करंट सोडतात आणि विजेला होणारा रोध मोजतात. ओल्या, भेगाळ खडकाचा रोध कमी, घट्ट पाषाणाचा जास्त. पण चिकणमातीचा आणि दोन लाव्हाथरांमधल्या तांबड्या मातीचाही रोध कमीच. घाईत त्यालाच पाणी समजलं की बोअर वाया. २०० फुटांचा अंदाज हवा तर बाहेरच्या दोन सळयांमध्ये साधारण ६००-८०० फूट अंतर लागतं. तारेचं कुंपण, लोखंडी पाइप जवळ असला की आकडे बिघडतात. कोरड्या मातीत सळईच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतावं लागतं. हे काहीच न करता दहा मिनिटांत पॉइंट देणाऱ्यावर, केवळ हातात यंत्र आहे म्हणून विश्वास ठेवणं हेही नारळ मानण्यासारखंच.

मोसंबीवाला, जालना: ते पटलं. पण जुन्या पाणाड्याला पंचक्रोशीतल्या विहिरी पाठ असतात. उतार, ओढा, उंबर तो वाचतो. नारळ वरवरचा असेल, माहिती खरी असू शकते.

कोरडवाहू: मग दोन्ही वेगळं करून बघा. जर्मनीत कासेलला १९९० साली ३० पाणाड्यांची चाचणी झाली. ५० सेंटिमीटर खोल पुरलेल्या पाइपातून पाणी वाहतंय की नाही, एवढंच ओळखायचं होतं. अंदाजपंचे जमेल तेवढंच जमलं. आपल्याकडे पाणाड्याला पाच जागा दाखवायला सांगा, बांधापासून टेपने मोजून लिहून ठेवा, खुणा पुसा. मग डोळे बांधून दुसऱ्या बाजूने आणा आणि पुन्हा फिरवा. जागा जुळल्या नाहीत तर नारळ बाद. उताराची, विहिरींची माहिती उरेल; ती जरूर घ्या आणि त्याचे पैसेही द्या.

भूजलवाला: शिवाय ‘दोन इंची लागलं’ एवढ्यावर समाधान मानू नका. ९० अंशांच्या व्ही-नॉचवर, म्हणजे प्रवाह मोजायच्या व्ही आकाराच्या खाचेवर, १ इंच उंचीचं पाणी म्हणजे तासाला साधारण ५०० लिटर आणि २ इंच म्हणजे सुमारे २,९००, दुप्पट नव्हे. हेच माप वैशाखात परत घ्या, आणि गावातल्या कोरड्या गेलेल्या बोअरचीही त्याच वहीत नोंद करा.