लिहिलं की रात्रभर झोप लागत नाही, व्यायामानं मात्र बरं वाटतं

रंकाळ्याकाठचा:
वय ३६. लहानपणी वडील पिऊन आले की कमरेचा पट्टा काढायचे. आता ते नाहीत, तरी शेजारच्या दाराची कडी जोरात वाजली की छातीत धडधडतं. पहाटे रंकाळ्याला चक्कर मारतो, पदपथ उद्यानात सूर्यनमस्कार घालतो, त्यानं खरंच फरक पडलाय. मित्र म्हणाला, मनातलं कागदावर उतरव. रात्री जेवण झाल्यावर लिहायला बसतो, पण पट्ट्याचा आवाज वहीत आला की डोळा लागत नाही. लिहिणं सोडू का? आणि बायकोला वही दाखवावी का?

मातीतली:
दादा, लिहिणं सोडू नका, वेळ बदला. मी मुलींना कुस्ती शिकवते. मामाकडं वाढले. तिथं काय झालं ते इथं नाही लिहीत.

भ्यालं की छाती धडधडते आणि बैठका मारल्या तरी धडधडते. पण बैठका आपण सुरू करतो, आपणच थांबवतो. धडधड झाली म्हणजे आता मार बसणार असं नाही, हे शरीराला रोज नव्यानं पटवावं लागतं. कुस्तीच्या हौद्यात, आखाड्याच्या मातीत, उतरले तेव्हा मागून कुणी कंबर धरली की मी गोठायचे. आमच्या वस्तादांनी डाव शिकवायच्या आधी मला पकड सोडवायला शिकवलं, आणि ‘थांब’ म्हटलं की समोरचीनं हात काढायचाच, असा दंडक घातला. ताक, हळद, तेल, लिंबू घातलेल्या त्या मातीचा वास आला की मला आजही सुरक्षित वाटतं.

लिहायचं ते चक्कर झाल्यावर, उजेडात. मोबाईलवर १५ मिनिटांचा गजर लावा, वाजला की वही बंद. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८६ साली विद्यार्थ्यांना मनावरच्या आघातांबद्दल रोज १५ मिनिटं, असं चार दिवस लिहायला लावलं होतं. लिहून उठल्यावर त्यांना आधी जास्तच वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. जे लिहिताना आपला तोल जाईल असं वाटतं ते आत्ता लिहूच नये, असंही पेनेबेकरच सांगतात.

पट्टा राहू दे तूर्त. त्या घराचा उंबरा लिहा, गळणारी कौलं लिहा. ‘मी’ जड जात असेल तर ‘तो पोरगा’ लिहा. गोष्टीत पोरगं परड्यातून पळून गेलं तर जाऊ द्या. गोष्ट तुमची आहे, तिथं तुमचंच चालणार.

समुपदेशक_राजारामपुरी:
वरचं पटलं, पण ते उपचाराच्या जागी धरू नका. झोप अशीच उडत राहिली, किंवा जुनं सगळं आत्ता घडतंय असं वाटायला लागलं, तर वही बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर रात्रीही चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

उसाचा_फड:
भावा, वहिनींना वही नको दाखवू लगेच. रात्री झोप का लागत नाही, एवढं मात्र आजच सांग. त्या माउलीला वाटत असंल तिचंच काहीतरी चुकलंय.

रंकाळ्याकाठचा:
सांगतो आजच. आणि उद्या चक्कर झाली की तिथंच बाकावर बसून लिहितो. ताई, ‘तो पोरगा’ लिहिताना वडिलांना नाव द्यायचं का?

मातीतली:
द्या की. खरं नको, दुसरं कुठलंही. आणि पोराच्या बाजूचं एक माणूस गोष्टीत ठेवा, आजी म्हणा, शेजारीण म्हणा. खरं तसं कुणी नसलं तरी चालतंय.