बाळासाठी एकाने नोकरी सोडायची तर हिशोब कसा मांडावा?

आंबेमोहर: बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा संपली की नोकरी बायकोनेच सोडायची, असं घरोघरी गृहीत धरतात. सोडणाऱ्याचं नेमकं काय काय जातं?

कोकणकडा: गेलेला पगार दिसतो, पीएफ दिसत नाही. मूळ पगार ३०,००० आणि कंपनी पूर्ण पगारावर १२ टक्के भरत असेल, तर तिचे ३,६०० आणि कंपनीचे तेवढेच थांबतात. हे ७,२०० नवऱ्याने दरमहा तिच्या पीपीएफमध्ये (बँकेत किंवा पोस्टात उघडायचं सरकारी बचत खातं) भरावेत. वर्षाची मर्यादा दीड लाख, त्यात आरामात बसतं. राजीनाम्याआधी ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशांची, पाच वर्षं भरतात का तेही बघा. दोन महिन्यांसाठी सोडून देऊ नका!

उंबरठा: खरी फसगत घराच्या कर्जात होते. सहकर्जदार म्हणून तिची सही असते, खरेदीखतात नाव नसतं. म्हणजे हप्त्याची जबाबदारी आहे, मालकी नाही. इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा, काढून नाव तपासा.

पाटावरवंटा: आणि नवऱ्याने ‘मदत’ करू नये, आख्खं काम अंगावर घ्यावं. लसीकरण घेतलं तर सहावा, दहावा, चौदावा आठवडा त्यानेच लक्षात ठेवायचा, कार्ड त्याच्याच बॅगेत, त्या दिवशीची रजाही त्याचीच. तिने आठवण करून द्यावी लागली, तर काम तिच्याच डोक्यावर राहिलं.