मदत हवी आहे: काउंटरप्लॅन आणि काउंटरवॉरंट एकाच फेरीत मांडता येतात का?

नमस्कार. मी ठाण्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवते आणि तेथील वादविवाद मंडळाची जबाबदारी सांभाळते. गेल्या महिन्यात वाशीच्या एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमच्या मुली उपान्त्य फेरीत हरल्या. परीक्षकांनी दिलेले कारण मला अजून नीट उलगडलेले नाही आणि पुढची स्पर्धा जवळ आली आहे, म्हणून येथे विचारते आहे.

विषय होता, ‘महानगरपालिकांनी सार्वजनिक बसप्रवास मोफत करावा.’ अनुकूल संघाने एनएमएमटी या नवी मुंबई महानगरपालिकेच्या बससेवेत विद्यार्थ्यांना मोफत प्रवास द्यावा, अशी नेमकी योजना मांडली. आमच्या पहिल्या मुलीने काउंटरप्लॅन, म्हणजे पर्यायी योजना दिली: तिकीट राहू द्या, तोच पैसा ऐरोली ते वाशी या मार्गावर बसगाड्या वाढवण्यासाठी वापरा. दुसरीने काउंटरवॉरंट मांडले. अनुकूल संघाची योजना चांगली मानली तरी तिच्यावरून विषयातील सर्वसाधारण विधान सिद्ध होत नाही, कारण त्याच विधानात बसणारी दुसरी उदाहरणे फसलेली आहेत, असे तिचे म्हणणे होते. त्यासाठी तिने २०१३ पासून रहिवाशांना मोफत प्रवास देणाऱ्या तालिन या एस्टोनियाच्या राजधानीचा दाखला दिला, की तेथे बसमध्ये आलेले नवे प्रवासी बरेचसे पूर्वी पायी जाणारेच होते. परीक्षक म्हणाले, हे दोन मुद्दे एकमेकांना छेद देतात.

न्यायसूत्रांत स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करणाऱ्या चर्चेला वितंडा म्हटले आहे, म्हणून प्रतिकूल बाजूनेही काही उभे करावे, असे मी मुलींना आवर्जून शिकवते. मग चूक नेमकी कोठे झाली?

प्रतिसाद:
मॅडम, अमेरिकेत शिकत असताना मी दोन वर्षे धोरणविषयक वादविवाद केला, त्या अनुभवावरून लिहितो. परीक्षकांचे म्हणणे मला पटते. काउंटरप्लॅन देताना आपण मान्य करतो की निवाडा समोरच्या योजनेवर व्हायचा आहे. काउंटरवॉरंट देताना आपण म्हणतो की ती योजना केवळ एक नमुना असून निवाडा संपूर्ण विधानावर व्हायचा आहे. १९७० च्या दशकात तेथे विषयाकडे तपासायचे गृहीतक म्हणून पाहण्याचा विचार वादविवादाचे अभ्यासक डेव्हिड झारेफ्स्की यांनी मांडला, आणि एका योजनेवरून विधान सिद्ध मानणे हे घाईचे सामान्यीकरण आहे, या आक्षेपाला अशाच दृष्टीतून बळ मिळते. पुढे ‘योजना हाच विषयाचा अर्थ’ हे मत रुळले आणि काउंटरवॉरंट मागे पडले.

दुसरी अडचण तुमच्या काउंटरप्लॅनमध्येच आहे. ‘तोच पैसा’ एवढ्यावर दोन योजनांपैकी एकच निवडावी लागेल, असे ठरत नाही, कारण अनुकूल संघ ‘दोन्ही करू’ असे म्हणून मोकळा होतो. दोन्ही एकत्र केले तर तुमची एकटी योजना केली त्यापेक्षा वाईट होते, हे दाखवावे लागते. उदाहरणार्थ, मोफत प्रवासामुळे वाढलेली गर्दी नव्या गाड्या गिळून टाकील, म्हणून सवलतीशिवायच्या गाड्याच बऱ्या, असा युक्तिवाद टिकला असता. आणि एका फसलेल्या शहरावरून सर्वसाधारण विधान मोडत नाही. घाईच्या सामान्यीकरणाचा आक्षेप तेव्हा तालिनच्या दाखल्यावरच उलटतो.

धागाकर्ती:
मनःपूर्वक आभार. आमच्याकडील बहुतेक मराठी स्पर्धांत प्रत्येक महाविद्यालयाचा एक वक्ता अनुकूल आणि एक प्रतिकूल बोलतो, समोर ठरलेली योजना नसते. तेथे काउंटरवॉरंटच अधिक योग्य ठरेल का?

प्रतिसाद:
होय, मॅडम. खोडण्यासाठी योजनाच नसेल तर काउंटरप्लॅन अधांतरी राहतो आणि तेथे विधानच कसोटीला लागते. मात्र उदाहरणे एकापेक्षा अधिक आणि आपल्या महानगरपालिकांशी जुळणारी घ्या. संघ विरुद्ध संघ अशा फेरीत एकच वाट निवडा, आणि दोन्ही घ्यायचेच असेल तर ‘निवाडा योजनेवर असेल तर हे, विधानावर असेल तर ते’ असे पहिल्याच भाषणात परीक्षकांना स्पष्ट सांगा.