शकुंतला रेल्वे 'इंग्रजांची' आहे हे फॉरवर्ड करणं आता तरी थांबवा

वऱ्हाडकर
काल परत तोच मेसेज, तोही आमच्याच गावच्या ग्रुपवर: "भारतातली एकमेव रेल्वे जी आजही इंग्रजांच्या मालकीची आहे, दरवर्षी कोट्यवधी रुपये लंडनला जातात." डोकं फिरलं म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. मूर्तिजापूर-यवतमाळ ११३ किमी आणि मूर्तिजापूर-अचलपूर ७६ किमी, ही विदर्भातली शकुंतलेची नॅरोगेज (अरुंद रुळांची) लाइन सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, तिच्यामागे किलिक निक्सन ही पेढी. ती १८५७ ची इंग्रजी पेढी हे खरं, पण स्वातंत्र्यानंतर ती भारतीयांच्या हातात आली. राष्ट्रीयीकरणात ही लाइन सुटली, मग गाड्या रेल्वेने चालवायच्या आणि कंपनीला करारानुसार पैसे द्यायचे असं चाललं. म्हणजे खासगी होती हे खरं, इंग्रजांची हे खोटं. आणि मला राग याचा येतो की एकदा इंग्रजांवर ढकललं की आपल्याकडच्या कुणाला जाब विचारायचं कामच उरत नाही. रूळ सडत होते तेव्हा निर्णय लंडनमध्ये होत नव्हते.

दारव्हा_मोतीबाग
दादा, मालक कोण याचा कीस पाडून काय मिळणार? लाइन टाकली कशाला, तर वऱ्हाडातला कापूस मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला न्यायला. इंजिनही मँचेस्टरचंच, १९२१ चं, ते १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावलं, मग डिझेल लागलं. मी त्या वाफेच्या गाडीत आजीच्या मांडीवर बसून कारंजाला गेलोय. फाटक आलं की गाडी थांबायची, गाडीतलाच माणूस खाली उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे जाऊन परत थांबायची, तो फाटक उघडून पळत येऊन चढायचा. आजीच्या लुगड्यावर कोळशाचे बारीक काळे ठिपके, ती घरी येऊन आधी पदर झटकायची. लोकांना 'इंग्रजांची गाडी' वाटते ती यामुळे, कागदावरून नाही.

कुर्डुवाडी_जंक्शन
नॅरोगेज म्हटलं की सगळ्यांना शकुंतलाच का आठवते हो? आमच्या बार्शी लाइट रेल्वेचं नाव कुणी घेत नाही. १८९७ ला कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली, १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज, सगळी मिळून सव्वातीनशे किमी. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी गेजवर एका अ‍ॅक्सलला पाच टन वजनाचा हिशोब बसवून अख्खी लाइन उभी केली, त्यानंतर त्याला इंग्लंडात लीक-मॅनिफोल्ड या रेल्वेलाइनचं काम मिळालं. म्हणजे इथे शिकून तिकडे गेला. आषाढीला टपावर माणसं बसून पंढरपूरला जायची, लै गर्दी!

येडशीचा
आणि त्या लाइनचं तुम्ही काय केलं? उखडली. आमचं जुनं येडशी स्टेशन, रामलिंगच्या झाडीतून जाणारी गाडी, सगळं गेलं. ब्रॉडगेज (रुंद रुळांची) करताना लाइन उस्मानाबाद शहराकडे वळवली, कारण शहराची मतं जास्त. थोडा तुकडा तरी ठेवला असता.

लातूरची_पोरगी
तुमच्या आठवणींना माझा नमस्कार, पण २०१६ च्या एप्रिलमध्ये, लातूरच्या दुष्काळात, तुम्ही कुठे होतात? आमच्या गल्लीत टँकरपाशी रात्री दोनला हंड्यांची रांग असायची, माझी आई त्या रांगेत चक्कर येऊन पडली. मिरजेहून पाण्याची पहिली गाडी आली ती दहा वाघिणींची, पाच लाख लिटर, आणि आली पंढरपूर-कुर्डुवाडीवरून, म्हणजे तुमच्याच बार्शी लाइटच्या वाटेने, ब्रॉडगेज झालेल्या. नॅरोगेज ठेवली असती तर ते पाणी आलं असतं का? सांगा ना.

येडशीचा
पाण्याचं बोललात की तोंड बंद होतं समोरच्याचं, बरोबर आहे. पण पाच लाख लिटरवर लातूर जगलं असं म्हणू नका. आणि हंड्याच्या रांगा काय फक्त लातुरात होत्या? आमच्याकडेही होत्या, आमच्यासाठी कुणी गाडी नाही पाठवली.

लातूरची_पोरगी
मी जगलं म्हटलंच नाही! पहिल्या दिवशीचा आकडा सांगितला. पुढे गाड्या येतच राहिल्या. वाचून उत्तर द्या.

येडशीचा
ठीक आहे, त्या एका बाबतीत ब्रॉडगेज कामाला आली. स्टेशनचं मी बोलणार, शेवटपर्यंत बोलणार.

वऱ्हाडकर
तुम्ही दोघं भांडा, पण माझा मुद्दा तुम्हीच पक्का केलात. बार्शी लाइट तर लंडनमध्ये नोंदलेली कंपनी होती, खरीखुरी इंग्रजी. तरी १ जानेवारी १९५४ ला सरकारने ती घेतली, आणि उशिरा का होईना तिथे ब्रॉडगेज झाली, पाणी पोचलं. आमची कंपनी भारतीय हातात होती तरी ती घ्यायला सत्तर वर्षं कमी पडली? मालक इंग्रज असणं ही अडचण कधीच नव्हती. यवतमाळचा माणूस अजून रेल्वेसाठी धामणगाव नाहीतर बडनेरा गाठतो, आणि वर्धा-यवतमाळ-नांदेड ही नवी लाइन होणार म्हणून वाट बघतो.

दारव्हा_मोतीबाग
हं. बार्शीचं हे मले माहीत नव्हतं, हे मानतो. मेसेज डिलीट करतो. पण बाप्पा, पुण्या-मुंबईच्या लोकांना आमच्या लाइनचं नाव कळलं ते त्या खोट्या मेसेजमुळेच, तुमच्या खऱ्या इतिहासाला कुणी विचारलं नव्हतं. आता खरंवालं तुम्हीच लिहा आणि त्याच ग्रुपवर टाका, फाटकावर उतरणाऱ्या माणसासकट.