सिस्टीम लाइव्ह झाली, पण प्रोजेक्ट काही बंद होत नाही

गँटचार्ट:
क्लायंटसाठीचा सॉफ्टवेअर प्रोजेक्ट आहे, किंमत ठरलेली. गो-लाइव्हला दोन महिने झाले, सिस्टीम रोज वापरात आहे. घोडं अडलंय ते अंतिम स्वीकृतीच्या सहीपाशी. 'एवढं एक करून द्या, मग सही करतो' असं दर आठवड्याला चालू आहे. उरलेल्या कामांच्या यादीत २३ मुद्दे आहेत, त्यात काही बग आणि काही चक्क नव्या मागण्या. टीममधले निम्मे लोक दुसऱ्या कामावर गेले, तरी टाइमशीट याच प्रोजेक्टच्या कोडवर (ज्या क्रमांकावर खर्च नोंदला जातो) भरतात. सब-कॉन्ट्रॅक्टरचं शेवटचं बिलही यायचंय. कोड आधी बंद करावा की सहीची वाट पाहावी?

करारनामा:
आधी त्या २३ मुद्द्यांची फोड करा. प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहायचा: करारातल्या किंवा मंजूर रिक्वायरमेंटमधल्या कोणत्या कलमात हे बसतं? कलम सापडलं आणि काम अडतंय, तर ते सहीआधी करून द्यायलाच हवं. कलम आहे पण काम अडत नाही (रिपोर्टचा कॉलम सरकलाय वगैरे), तर तो मुद्दा तारीख आणि जबाबदार माणसाच्या नावासह उरलेल्या कामांच्या जोडपत्रात जातो. कलमच सापडलं नाही, तर ती चेंज रिक्वेस्ट, म्हणजे कराराबाहेरची नवी मागणी. तिचा अंदाज आणि दर वेगळा, आणि या सहीशी तिचा संबंध नाही.

ही फोड क्लायंटबरोबर बसून करा. एकट्याने करून पाठवलेली यादी परत येते, ती ३० मुद्द्यांची होऊन.

मग पत्रात सशर्त स्वीकृती मागायची: 'जोडपत्रातली कामे वगळून काम अमुक तारखेला स्वीकारले.' तारीख नसलेली सही जवळजवळ निरुपयोगी, कारण बऱ्याच करारांत वॉरंटी कधी सुरू झाली हे त्या तारखेवरून ठरतं. तुमच्या करारात वॉरंटी गो-लाइव्हपासून आहे की स्वीकृतीपासून, ते आजच बघा. स्वीकृतीपासून असेल, तर सही लांबेल तितका तुमचा फुकट सपोर्ट लांबतो आणि क्लायंटला घाई असण्याचं कारणच उरत नाही.

मानीव स्वीकृतीचं कलमही शोधा. ठरावीक दिवसांत लेखी हरकत आली नाही किंवा सिस्टीम प्रत्यक्ष कामाला लावली, तर काम स्वीकारलं असं धरतात. पण त्यासाठी बहुतेक वेळा करारातल्या पत्त्यावर, करारातल्या पद्धतीने रीतसर नोटीस गेलेली असावी लागते. चॅटवरचा 'मस्त चाललंय' हा मेसेज त्या जागी चालत नाही. हे कलम शेवटी काढायचं हत्यार आहे. पहिल्याच पत्रात उगारलं तर सही आणखी लांबते.

ताळेबंद:
तुमच्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर: दोन्ही नाही. कोड दोन टप्प्यांत बंद होतो. आधी टाइमशीट आणि नवीन खरेदीसाठी बंद करायचा, हे आजच करता येतं. बिलांसाठी मात्र उघडा ठेवायचा. सॅप या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये याच्या जवळची स्थिती म्हणजे टेको ('तांत्रिकदृष्ट्या पूर्ण'). त्यानंतरही प्रत्यक्ष खर्चाची नोंद पडू शकते. पूर्ण बंद ही पुढची वेगळी स्थिती, तिथे नोंदच पडत नाही. घाईने पूर्ण बंद केलं आणि सब-कॉन्ट्रॅक्टरचं बिल नंतर आलं, की कोड पुन्हा उघडायला फायनान्सच्या मागे फिरावं लागतं किंवा ते बिल भलत्याच कोडवर पडतं.

उरलेले बग दुरुस्त करणाऱ्यांसाठी वेगळा वॉरंटी कोड काढा, नाहीतर प्रोजेक्टचा खरा खर्च कधीच कळणार नाही.

सब-कॉन्ट्रॅक्टरला तारीख देऊन अंतिम बिल मागा. सोबत 'या ऑर्डरपोटी आणखी काही येणे नाही' असं पत्र घ्या. तोवर अंदाजे रकमेची तरतूद खात्यात करून ठेवा. पीओवर (त्याला दिलेल्या खरेदी ऑर्डरवर) शिल्लक राहिलेली रक्कम शून्य करून पीओ बंद करा. त्याचं रिटेन्शन (बिलातून राखून ठेवलेली रक्कम) मात्र तुमचं क्लायंटकडून सुटेपर्यंत सोडू नका, अर्थात त्याच्या करारात तसं लिहिलं असेल तरच. बँक गॅरंटी दिली असेल तर मूळ कागद परत मागवा. मुदत संपली म्हणून गप्प बसू नका, क्लेमचा काळ त्यापुढेही असू शकतो.

पेजर:
वरच्या दोघांनी कागद आणि पैसा सांगितला. पण क्लायंट सही का टाळतो? सही केली की फोन कोण उचलणार, हे त्याला माहीत नसतं. सपोर्ट टीमकडे सिस्टीमचा ताबा आधी नीट द्या, सही बरीच सोपी होते.

ताबा देणं म्हणजे फोल्डरची लिंक पाठवणं नव्हे. सपोर्टच्या माणसाने रनबुक (सिस्टीम चालवण्याच्या सूचनांची वही) वाचून, डेव्हलपरला न विचारता, बॅकअपवरून सिस्टीम उभी करून दाखवायची. जिथे अडेल तिथे रनबुक अपुरं. दोन आठवडे तिकिटं (वापरणाऱ्यांच्या नोंदवलेल्या तक्रारी) त्यांनी घ्यायची, डेव्हलपर फक्त मागे उभा.

यात हमखास निसटतात त्या गोष्टी: क्लाउडचं खातं डेव्हलपरच्या वैयक्तिक ईमेलवर असणं, एसएसएल सर्टिफिकेट (साइट सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र) आणि डोमेनच्या नूतनीकरणाच्या तारखा, लायसन्स कोणाच्या नावावर आहे, रात्री आपोआप चालणारा जॉब एखाद्याच्या लॉगिनने चालणं. ते लॉगिन बंद केलं की जॉबही बंद! म्हणून आधी सर्व्हिस अकाउंट (माणसाऐवजी सिस्टीमच्या नावाचं खातं), मग त्या माणसाचा प्रवेश काढणं. टेस्ट सर्व्हर बंद करा, त्यांचं भाडं चालूच असतं. टेस्टसाठी ग्राहकांचा खरा डेटा उतरवला असेल तर तो पुसून तशी लेखी नोंद द्या.

गँटचार्ट:
फोड करायला घेतो. एक अडचण: करारात ज्यांचं नाव आहे ते अधिकारी आता दुसऱ्या विभागात आहेत. आणि धडे नोंदवायची मीटिंग सहीनंतर घेऊ का?

करारनामा:
नव्या माणसाला सहीचा अधिकार दिल्याचं पत्र क्लायंटकडून आधी घ्या. अधिकार नसलेल्याची सही वाद झाल्यावर टिकेलच असं नाही.

मीटिंग याच आठवड्यात घ्या, निम्मी माणसं आधीच गेलीत. 'संवाद वाढवावा' छापाची वाक्यं लिहू नका. कामागणिक अंदाजाचे तास आणि लागलेले तास समोरासमोर मांडा, फरकाचं कारण लिहा. पुढचा अंदाज काढणारा तेवढंच उघडून बघतो.