पत्रकात पाच वेळा 'शांत' आलंय, मालक ऐकेना

खडेबाजारचा भाषांतर-हमाल:
मंडळी, अडलंय. खानापूरकडं जंगलालगत एकानं राहण्या-जेवण्याची सोय केलीय, त्याचं इंग्रजी पत्रक मराठीत करून द्यायचं आहे. चार ओळींत 'शांत' अर्थाचे पाच शब्द : काम (calm), क्वाएट, सिरीन, ट्रँक्विल, प्लॅसिड. पहिला तर देवनागरीत लिहायचीच सोय नाही, सुट्टीच्या पत्रकात कामच काम दिसतं. मी शांत तळं, शांत सकाळ, शांत मुक्काम असं करून दिलं. मालक म्हणाला, "अण्णा, हे दवाखान्यातल्या बोर्डासारखं झालंय. पाच शब्दांचे पैसे घेतलासा, दिलासा एकच की." उद्या छपाईला जायचंय. सुचवा.

निवृत्त मास्तर, शहापूर:
आधी शब्द वेगळे करून घ्या. क्वाएट म्हणजे आवाज नाही. प्लॅसिड म्हणजे ज्याच्यावर तरंग उठत नाही; पाण्याला शोभतं, माणसाला म्हटलं तर थोडं 'गरीब गाय' होतं. सिरीनचं मूळ लॅटिनमध्ये, अर्थ ढग नसलेलं आकाश. म्हणजे आपलं निरभ्र. पण सकाळीसाठी मी 'प्रसन्न' घेईन. आज आपण प्रसन्न म्हणजे हसतमुख समजतो. संस्कृतात ते पाण्यालाही लावतात, गाळ खाली बसून वरचं स्वच्छ झालेलं पाणी. पावसाळ्यात विहिरीच्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवून कळशी रात्रभर ठेवायची, सकाळी तळ दिसायचा. ते प्रसन्न.

खानापूरची:
मास्तर, त्याला आमच्यात निवळलेलं म्हणतात. 'निवळलेली सकाळ' छापा की! प्रसन्न म्हटलं की अगरबत्तीचा वास येतो.

माजी वायुसैनिक, सांबरा:
पहिल्या शब्दावर माझा हक्क. विमान उतरवताना वारा सांगतात, आणि वारा नसल्यातच जमा असला की हाच शब्द. 1805 साली ब्यूफोर्ट नावाच्या नौदल अधिकाऱ्यानं वाऱ्याची मोजपट्टी केली, तिच्यात शून्याला हेच नाव आहे. जमिनीवरची खूण अशी की धूर सरळ वर जातो. हंगामात पहाटे फिरायला जातो तेव्हा गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा धूर काठी रोवल्यासारखा उभा असतो. बायकोला म्हणतो, बघ, शून्य. मुद्दा असा की या शब्दाच्या पाठीमागं वादळ उभं असतं. जे खवळू शकतं त्यालाच हा शब्द. दगडाला कोण म्हणणार?

निवृत्त मास्तर, शहापूर:
वा. आणि त्याची व्युत्पत्ती उलटी आहे बघा. कोशकार तो ग्रीक 'कौमा'पर्यंत नेतात, म्हणजे रणरणतं ऊन. उन्हाच्या वेळी कामं थांबतात, माणसं सावलीला पडतात, त्यातून विसावा, त्यातून शांतता. आपला 'निवांत' मात्र वाऱ्यावरून आलेला. गीतेच्या सहाव्या अध्यायात "यथा दीपो निवातस्थो" आहे. निवात म्हणजे वारा नसलेली जागा. निवातचा निवांत.

चिकोडीवाला:
मास्तर, तो अनुस्वार कुठनं टपकला? निवांत हा निवण्यातनं आला. चहा निवतो, अंग निवतं, तसा माणूस निवला की निवांत. संस्कृतला प्रत्येक वेळी कशाला उठवायचं?

निवृत्त मास्तर, शहापूर:
कारण झोपलेलं नाहीय ते.

पुण्यात अडकलेला बेळगावी:
एवढी चर्चा कशाला? प्रमाण मराठीत प्रशांत, नीरव, निश्चल, सौम्य असे शब्द आहेत. छापील मजकुरात ते वापरावेत. निवळलेली सकाळ वगैरे बोलायला ठीक.

खानापूरची:
नीरव म्हटलं की भुताची गोष्ट सुरू झाल्यासारखं वाटतं. आणि प्रशांत एक महासागर, बाकीचे वर्गातले. आमच्या वर्गात तिघं होते, तिन्ही दंगेखोर.

शहापूरकर वहिनी:
विषय निघालाच आहे तर सांगते. आमच्या आत्याबाईंची पेन्शन दोन महिने आली नव्हती. एका कचेरीत गेलो, रांग मोठी, आत्याबाईंचा आवाज चढला. खिडकीतला पोरगा अगदी मऊ आवाजात म्हणाला, "समाधान माडकोरी, अम्मा." आत्याबाई आणखी भडकल्या. "समाधान कसलं रे? दोन महिने पैसे नाहीत आणि समाधान मानू?" त्याला कळेना काय चुकलं. कन्नडमध्ये समाधान म्हणजे धीर धरणं, शांत होणं, समजूत. आपल्यात भरल्या पोटाची तृप्ती. शब्द एकच, दोघं दोन टोकांना. शेवटी मागच्या बाईंनी दोघांना समजावलं, तीही दोन भाषांची खिचडी करून.

चिकोडीवाला:
वहिनी, तसंच 'निधान'. आपल्यात ठेवा, तिकडं सावकाश. माझा मेहुणा साताऱ्याचा, घाटातला 'निधान' लिहिलेला बोर्ड वाचून म्हणाला, इथं धन पुरलंय का?

खानापूरची:
आता माझं ऐका, मी कन्नड शाळेत शिकवते. 'सुम्न कुंद्रू' म्हणजे गप्प बस. आणि 'सुम्न बंदे' म्हणजे उगाच आलो, काही काम नव्हतं. एकाच शब्दात गप्प राहणं आणि कारण नसणं. आपला 'उगा' तसाच नाही का? रडणाऱ्या पोराला उगी उगी म्हणतो, आणि 'उगाच आलो' पण म्हणतो. दोन्ही भाषांनी हे अर्थ एकत्र बांधलेत. कामाशिवाय बसलेला माणूसच गप्प असतो, असं काहीतरी असेल.

निवृत्त मास्तर, शहापूर:
ताई, हे मला पन्नास वर्षं शिकवून सुचलं नव्हतं. इंग्रजीत याची जोडी कुठली लावणार?

पुण्यात अडकलेला बेळगावी:
हा कन्नडचा प्रभाव म्हणून दाखवायचा असेल तर चूक. उगा जुन्या मराठीतलाच आहे.

खानापूरची:
प्रभाव म्हणालंय कोण? शेजारणी सारख्या साड्या नेसतात, म्हणून एकीनं दुसरीची चोरली असं नसतं.

चिकोडीवाला:
चोरली तरी काय बिघडलं? धुऊन परत द्यायची.

माजी वायुसैनिक, सांबरा:
ट्रँक्विल राहिलाच.

खडेबाजारचा भाषांतर-हमाल:
राहू दे साहेब, गेलं छपाईला. निश्चल तळं, निवळलेली सकाळ, निवांत मुक्काम, एवढं पास झालं. क्वाएटला 'गजबजाट नाही' केलं. ट्रँक्विल मालकानं स्वतः खोडला, म्हणाला एवढी शांतता कुणी मागितलीय. आणि 'उगाच या' असं मथळ्याला टाकू का विचारलं तर म्हणाला, उगाच आलेला माणूस पैसे देत नसतो.

शहापूरकर वहिनी:
सकाळीला 'निवळलेली' एरवी नीट कळणार नाही हं. पाऊस पडून गेल्यावरच.

चिकोडीवाला:
एक विचारतो. आमची आई म्हणते "गुमान जेव", म्हणजे मुकाट्यानं. पण गुमान म्हणजे तोरा, गर्वसुद्धा. मान वर करणारा शब्द मान खाली घालायला कसा लागला?

निवृत्त मास्तर, शहापूर:
गुमानवर मी वेगळं लिहितो. जेवून येतो.

खानापूरची:
गुमान जेवा, मास्तर.