फायनलच्या रात्री बेळगावात मुक्काम, जल्लोषात शिरावं का?

दुचाकी_पुणे:
१९ जुलै २०२६, रविवारी बेळगावात मुक्काम आहे. सोमवारी चोर्ल्यामार्गे पणजी. फुटबॉल वर्ल्डकपची फायनल त्याच रात्री. जिंकणाऱ्यांचे फॅन रस्त्यावर उतरले तर परक्या माणसानं कसं सामील व्हावं? जवळ फोन, कॅमेरा आणि बाईक आहे.

टिळकवाडी_बॅक:
या की! पण आधी घड्याळ बघा. २०२२ ची फायनल आपल्याकडं रात्री साडेआठला सुरू झाली, पेनल्टी होऊनसुद्धा साडेअकराच्या सुमारास उरकली. यंदा मॅच न्यू जर्सीत, म्हणजे आपल्याकडं साडेबाराला सुरू, तोवर २० तारीख लागलेली. ९० मिनिटांत निकाल लागला तर अडीच, पेनल्टीवर गेली तर साडेतीन धरा. रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर आणि वाद्यांना बंदी, त्यामुळं पोलिस आले की पहिल्यांदा हलगी थांबते.
चन्नम्मा चौकात उभं राहून गर्दीची वाट बघू नका. ज्या गल्लीत पडदा लावलाय तिथं विचारून बसा. दोन तास सोबत ओरडलात की परके राहत नाही. जाताना अर्धा किलो कुंदा न्या, संध्याकाळीच घेऊन ठेवा.

गुलाल_सावधान:
गुलालाचं नीट ऐका. बाहेर पडण्याआधी चेहरा, मान, कानामागं आणि केसांना खोबरेल लावा. कॉन्टॅक्ट लेन्स काढून चष्मा. फोन झिपच्या पिशवीत, कारण चार्जिंगच्या भोकात गुलाल गेला की दमट हवेत त्याचा चिखल होतो. गेलाच तर फोन बंद करून कोरड्या मऊ ब्रशनं झाडा; फुंकर नको, थुंकी आत जाते. कॅमेरा खोलीवरच बरा. कपडे आधी कोरडे झटका, मग गार पाणी. डोळ्यात गेला तर चोळू नका, स्वच्छ पाण्यानं धुवा.

दुचाकी_पुणे:
पावसात गुलाल उधळतात का? आणि झेंडा आणू का?

हलगी_कडक:
उधळतात, आणि ओला गुलाल जास्त डाग पाडतो. पांढरा शर्ट नको. पावसात कातडी हलगी सैल पडून बदबद वाजते, मग कागद पेटवून शेकतात. त्या जाळाभोवती गर्दी करू नका. फायबरची असेल तर शेकायची भानगड नाही, पण आवाज टणटणीत, कातड्याची मजा नाही. वाजवणाऱ्याच्या हातातली टिपरी मागून घेऊ नका. विझलेल्या सुतळी बॉम्बवर वाकू नका, ओली वात आतून धुमसत असते. चप्पल नको, लेसचे बूट घाला.
झेंडा फक्त टीमचा. भाषेच्या, सीमेच्या घोषणा सुरू झाल्या तर मुकाट्यानं बाजूला व्हा. इथं त्याचं भांडण फुटबॉलपेक्षा लवकर पेटतं.

टिळकवाडी_बॅक:
बाईक लॉजवरच ठेवा, चालत जा. आणि भावा, रात्रभर जागून पहाटे चोर्ला घाटात शिरू नकोस. जुलैत तिथं धुकं आणि पाऊस, वळणावर समोरचा ट्रक दिसत नाही. झोप काढून अकराला निघ.